लाल चकती लावणाऱ्यानं उभं राहायचं

मंगळवार. सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं. दूध डेअरीच्या शीतयंत्रावरचा अमोनियाचा व्हॉल्व्ह फुटला — आणि धोंडिराम कारंडे आत धावला.

पेटीवाले, जरा थांबा. सूर नंतर! मंडळी, आधी एक सांगा — सांगणाऱ्यानं घसा फोडून सांगितलं आणि ऐकणाऱ्यानं ऐकलंच नाही, तर दोष कुणाचा? बरं. ऐका मग!

कारंडे त्या यंत्राचा ऑपरेटर. बावीस वर्षं तेच यंत्र. नुसत्या आवाजावरून सांगायचा, कुठं दुखतंय ते! आणि मॅनेजर रणनवरे साहेब. केबिन काचेची — म्हणे, सगळं दिसावं! दिसायचं हो! ऐकू काही यायचं नाही!

साहेबांनी एक फळा लावला होता. सगळं ठीक तर हिरवी चकती, कुरकुर असेल तर पिवळी, धोका असेल तर लाल. चांगलंच की! पण पुढचा नियम ऐका — लाल लावणाऱ्यानं सोमवारची मीटिंग संपेपर्यंत उभं राहायचं. पन्नाशीची माणसं, मंडळी, शाळेतल्या पोरांसारखी उभी!

कारंडेला दिसलं, व्हॉल्व्ह पाझरतोय. भिंतीपलीकडं तेरा बाया पिशव्या भरताहेत. त्यानं लाल लावली. उभा राहिला.

"कारंडे, तक्रार नको. उपाय बोला."

"साहेब, यंत्र चार तास बंद ठेवा. व्हॉल्व्ह बदलतो."

"चार तास? मग उभेच राहा चार तास!"

सगळे हसले. हसले हो! कारंडेचे कान तापले, पण नजर त्या भिंतीवरच.

पुढच्या सोमवारी सुपरवायझर बाबर म्हणाला, "धोंडिबा, कशाला पाय दुखवून घेतोस? पिवळी लावतो." तिसऱ्या सोमवारी डेअरी बघायला पाहुणे यायचे होते. बाबरनं हिरवी लावली!

"बाबरसाहेब, हिरवी?"

"अरे, पाहुणे जाऊ देत."

"वायूला कळतंय होय, पाहुणे आलेत म्हणून?"

दुसऱ्याच दिवशी फुटला! कारंडेनं ओला पंचा तोंडाला बांधला, आत शिरला, मुख्य नळ हातानं बंद केला. तेराच्या तेरा बाया धडधाकट बाहेर आल्या. तो भिंत चाचपत बाहेर आला, तेव्हा त्याला समोरचं दारसुद्धा दिसत नव्हतं.

आणि साहेब काय म्हणाले? "मला कुणी सांगितलंच नाही!"

अहो, मग तासभर तुमच्यापुढं उभा कोण होता? खांब?

माना काय डोलावता! इथंही साहेब बसलेत, मुकादम बसलेत, पोरांचे बाप बसलेत. वाईट बातमी आणणाऱ्याला तुम्ही काय शिक्षा ठेवलीय? आणि लालची पिवळी करणारे किती जण आहात? हात वर करू नका. मला दिसताय!

आज शुक्रवार. कारंडेच्या डोळ्यांवरची पट्टी अजून सुटलेली नाही. बायको पारूबाई उशाशी बसून आहे. तो तिला सारखं विचारतो, "व्हॉल्व्ह बदलला का गं?"

डेअरीतून अजून कुणी सांगायला आलेलं नाही.