निळं पत्रक, पांढरं पत्रक

नाव : व्हर्ना पियाटेक, वय ६१ वर्षे, काम : विकाऊ घरं सजवणे, रा. टोलेडो, ओहायो.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, घरांच्या दलाल शेरिल हॅगर्टी यांच्याकडे मी अकरा वर्षं कामाला आहे. विकायचं घर रविवारी लोकांना बघायला उघडं ठेवतात. घराला घरपण यावं म्हणून मी तासभर आधी जाऊन ओव्हनमध्ये बिस्किटं भाजते. मग दाराशी पत्रकं वाटते.

पत्रकं दोन असतात. निळ्यात किंमत, जवळची शाळा, आणि बुधवारपर्यंत बोली देता येईल असं असतं. पांढऱ्यात एवढंच, की सौदा ठरत आला आहे. घर एकच.

काल दुपारी सव्वादोनला डेझमंड ओग्ल्सबी, त्यांची बायको आणि दोन मुली आल्या. कुटुंब काळं आहे. मी पांढरं दिलं. धाकटी बिस्किट खात म्हणाली, "बाबा, ही खोली माझी हं." मागून आलेल्या गोऱ्या जोडप्याला मी निळं दिलं, ते ओग्ल्सबींनी पाहिलं.

"बाई, मलाही तेच द्या की."

शेरिलबाई मध्ये आल्या. "अहो, हे घर गेल्यात जमा आहे. नदीपलीकडे बघा ना, तुमच्यासारख्यांना तिकडे बरं वाटेल."

"आमच्यासारखे म्हणजे कसे, तेवढं सांगा. मग जातो."

त्यांनी आवाज चढवला नाही. शेरिलबाईंनी ओसरीवर जाऊन पोलिसांना फोन केला, की या माणसाने मला ढकललं. हे धादांत खोटं आहे. मी चार फुटांवर होते. ओग्ल्सबींच्या दोन्ही हातांत मुलींचे कोट होते. बेड्या घालायच्या आधी तुमच्याच शिपायाने ते कोट काढून घेतले. मुली बघत होत्या. तेव्हा मी मूग गिळून बसले, काम जाईल म्हणून. त्याची मला लाज वाटते. ते रात्रभर कोठडीत आहेत, म्हणून आज आले.

कोणाला कुठलं पत्रक द्यायचं हे कोणी सांगितलं, असं विचारल्यावरून सांगते की, पहिल्या दिवशी शेरिलबाई म्हणाल्या होत्या, "माणूस बघून दे." पुन्हा कधी सांगावं लागलं नाही. दोन्ही पत्रकं सोबत देत आहे.

जबाब मला वाचून दाखवला. त्यात साहेबांनी 'चुकून पांढरं दिलं' असं लिहिलं होतं. त्यातलं 'चुकून' मी खोडायला लावलं. बाकी मी सांगितलं तसंच आहे.