मेश्राम बाईंची रोवणी

मंडळी, बाईंच्या घरची माणसं, अन् मागं उभ्या असलेल्या माझ्या मैत्रिणींनो,

मले बोलायले उभं तर केलं तुम्ही. मी स्वतः शाळेत शिकवते, दिवसभर बोलते. आज जमत नाही. सांभाळून घ्या.

मेश्राम बाई गेल्या. आमच्या बाई गेल्या.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. शहापूरच्या जवळच आमचं गाव. मी सातवीत होती. बाई आम्हाले शिकवायले जवाहरनगरच्या क्वार्टरमधून यायच्या, त्यांचे मिस्टर तिथल्या फॅक्टरीत होते. इस्त्रीची साडी, हातात छत्री. त्यांना पाहून आम्ही पोरी नीट वेणी घालायले शिकलो. बाईंनी कधी छडी उचलली नाही. नुसतं म्हणायच्या, "काहून वं, झोपली होती का?" तेवढ्यानंच रडू यायचं.

आमच्याकडं रोवणी लागली की मोठ्या पोरींची शाळा सुटलीच समजा. धानाची रोपं, आमचे पऱ्हे, बांधीतल्या चिखलात लावायले हात पाहिजे. अन् एकदा गेलेली पोरगी पुन्हा वर्गात येतच नव्हती. माझ्या दोन्ही बहिणींचं असंच झालं. त्या वर्षी बाबांनी मलेही घरी बसवलं.

बाई घरी आल्या. बाबा म्हणाले, "बाई, हिले शाळेत धाडलं त बांधी कोण रोवन? एक हात कमी पडते."

बाई म्हणाल्या, "तिच्या जागी मी येते. उद्या रविवारच आहे."

बाबांना वाटलं, बाई बोलून राहिल्या, येते कोण?

अन् मंडळी, बाई आल्या! पदर खोचला, उतरल्या चिखलात. रोवणारी बाई मागं मागं सरकते, हे आपल्याकडं लहान लेकरालेही कळते. आमच्या बाई पुढं पुढं चालल्या! जे रोवलं ते आपल्याच पायानं तुडवत गेल्या. संगं रोवणाऱ्या बाया हसून हसून बांधीच्या कडेला धुऱ्यावर बसल्या. बाबा ओरडले, "अवो बाई, मांगं सरका, मांगं!" बाई म्हणाल्या, "हो का? बरं बरं." अन् पुन्हा पुढंच! संध्याकाळपर्यंत अर्ध्या बांधीचा चेंदामेंदा. वरून जाताना म्हणतात, "उद्या शाळा सुटल्यावर येते हं. रोवणी संपेस्तोवर येईन."

बाबांनी हात जोडले. "बाई, पोरगी घेऊन जा. पण तुम्ही येऊ नका. माहे पऱ्हे पुरून नाही राहिले!"

दुसऱ्या दिवशी मी वर्गात होती. मग शिकतच गेली. मॅट्रिक झाली, डी.एड. झाली, नोकरी लागली. पुढं मी बाईंना कितीदा चिडवलं, "बाई, तुमची ती रोवणी!" त्या नुसत्या हसायच्या.

आज सकाळी बाईंच्या मोठ्या बहिणीजवळ बसली होती. त्यांना जरा हसू यावं म्हणून हा किस्सा सांगितला. त्या माझ्या तोंडाकडं पाहतच राहिल्या. म्हणाल्या, "कोण, आमची सुमन? अवं पोरी, आम्ही दोघी लहानपणापासून लोकाच्या बांधीत मजुरीनं रोवायले जात होतो. तिच्यासारखी सरळ ओळ आमच्या गावात कोणाची नव्हती."

तुम्हीच सांगा. जिच्या रोवणीचं गाव नाव काढत होतं, तिनं चारचौघींत आपलं हसं करून घेतलं. कायले? माझ्यासाठी. अन् शेवटपर्यंत कोणाले कळू दिलं नाही.

माझे बाबा इथं पुढंच बसले आहेत. बाबा, सकाळपासून तुम्हाले सांगायचं धैर्य होत नव्हतं, म्हणून आता सांगितलं. रडू नका.

काय म्हणता? बाबा म्हणतात, "माह्याकडून बाईले हात जोड."

नाही बाबा, ते माझ्यानं होणार नाही. तुम्हीच बाईंच्या फोटोपुढं या. या, मी धरते तुम्हाले.

मंडळी, बाबा उभे राहिले आहेत. आपणही उभं राहू. अन् बाबांसंगं बाईंना हात जोडू.