बोटीवरची गाठ

हसू नका, पण अकोल्याच्या शाळेत मुलींना समुद्र शिकवणाऱ्या मी तोवर मोर्णा नदीहून मोठं पाणी पाहिलं नव्हतं. त्या सुट्टीत ह्यांनी मुंबईहून रत्नागिरीला जाणाऱ्या जुन्या, छोट्या बोटीची तिकिटं काढली. "स्वस्तात समुद्र, वर चार बंदरं फुकट," म्हणे. मला मात्र बोटीवर चढताच कठड्याच्या गजांमधली फट तेवढी दिसली. आमचा अडीच वर्षांचा बबन सहज निसटेल एवढी.

सासूबाई अकोटच्या. त्यांनी जुन्या लुगड्याची पट्टी फाडून बबनची कंबर माझ्या कमरेला बांधली.

"घट्ट बांधा हं," मी पुन्हापुन्हा म्हटलं.

"अवं, कापसाच्या गाठोड्याची गाठ हाय. वढशीन तितकी आवळते."

प्रवास छान झाला. बबन दिवसभर गजांशी मासे शोधत बसला. रत्नागिरी आली आणि बोट भर पाण्यातच थांबली. पुढे होडीतून जायचं होतं.

खलाशानं खालून हात पुढे केले. "ताई, आधी पोर द्या."

गाठ सुटेना. मागे रांग खोळंबली.

"सोडा ना हो लवकर!" मी सासूबाईंवर ओरडले.

"तूच म्हने ना घट्ट बांधा? आता काहून वरडून रायली वं?"

शेवटी आम्हा मायलेकांना गाठोड्यासारखं एकत्रच होडीत उतरवलं. बबन खिदळत होता. मी डोळे मिटून घेतले होते.

किनाऱ्यावर ह्यांनी कुणाकडून तरी चाकू मागून आणला. मी पट्टीवर हात ठेवला.

"कापू नका," म्हटलं. "परतीची तिकिटंही त्याच बोटीची आहेत ना?"