कोरडी सही

शनिवार, २७ सप्टेंबर. जूनपासून या वहीत एक ओळ नाही, माफी. आज मंडळाच्या निरोप समारंभात बोललो ते, आठवतं तसं:

सन्माननीय अध्यक्ष फोल्कमार द्रेव्स, व्यासपीठावरील सत्कारमूर्ती विब्केताई आणि आपल्या तळ्याकाठच्या विवस्त्र-स्नान मंडळाच्या सभासद बंधुभगिनींनो,

आज आपण सगळे कपडे घालून बसलो आहोत, त्यामुळे ओळख पटायला जरा वेळ लागतो आहे. मघाशी मी चिटणीसांनाच विचारलं, "आपण नवीन का?" ते म्हणाले, "थांब, टाय काढतो."

उन्हाळ्यात उघड्या अंगाने राहायला काय लागतं? खरी परीक्षा पानगळीची. बर्चची पानं पिवळी पडली की आधी मोजे येतात, मग टोपी (ही दोन्ही आपण कपड्यांत धरत नाही), मग स्वेटर, आणि मग माणूसच येत नाही. म्हणून आपला नियम: दर रविवारी निदान एकाने तळ्यात उतरायचं आणि बाहेर येताच ओल्या हाताने नोंदवहीत सही करायची. एक रविवार चुकला की फाटकाला मेपर्यंत कुलूप. एकोणीस हिवाळे विब्केताईंनी ते कुलूप लागू दिलं नाही. आता त्या लेकीकडे राहायला चालल्या आहेत.

त्या जाण्याआधी एक सांगितलंच पाहिजे. गेल्या नोव्हेंबरात त्यांना ताप होता, आणि तो रविवार माझ्याकडे होता. मी कोट घालून काठावर उभा राहिलो, पाण्याकडे पाहिलं, सही केली आणि घरी गेलो. पुढच्या रविवारी त्यांनी वही उघडली. पानभर फुटलेली, पसरलेली शाई, आणि शेवटी माझं नाव, स्वच्छ, सुवाच्य. त्या एवढंच म्हणाल्या, "हेनिंग, अक्षर फार सुंदर आहे रे तुझं."

मी हे भीतीने लपवलं की लाजेने, अजून ठरवता येत नाही. फाटक त्या दिवशी बंद व्हायला हवं होतं, हे मात्र नक्की. यापुढे तशी वेळ येणार नाही. उद्यापासून मेपर्यंतचे सगळे रविवार माझे.

(इथे विब्केताई बसल्या जागेवरून म्हणाल्या, "पेन तेच ठेव. न फुटणारी शाई आणलीस तर मला कळेल.")

ताई, कळेलच. तुमचे आभार मानायला मला आठ महिने थंड पाण्यात काढावे लागतील. अध्यक्षमहाराज, सभासदहो, शांतपणे ऐकलंत, ऋणी आहे. काही कमीजास्त झालं असेल तर पदरात घ्या म्हटलं असतं, पण आपल्याकडे पदर कुठला? सांभाळून घ्या.

उद्या: सात वाजता, तळं.