निळ्या चपलांचा नंबर

लक्ष्मीकांतांच्या नातीचं, यशश्रीचं, लग्न झालं ते दोन हजार तेवीस साल. त्या मार्चमध्ये ते बडोद्याच्या एका सरकारी दवाखान्यात छातीच्या डॉक्टरांसाठी रांगेत उभे होते. ज्यांना उभं राहवत नव्हतं, त्यांनी आपल्या जागी चपला ठेवल्या होत्या. लक्ष्मीकांतांच्या पुढे निळ्या रबरी चपला होत्या. त्यांच्या मागच्या हेल्मेटवाल्याने पुढे होऊन त्या पायाने बाजूला सारल्या. त्याच्या मागची बाई कडाडली.

"ए भाई, नंबर आहे त्यांचा!"

"माणूस कुठाय, बेन? दमा काय चपलांना झालाय?"

"माणूस त्या बाकावर धापा टाकतोय. डोळे फुटले का?"

"कोण लागतो तुमचा?"

"कुणी नाही. सकाळी सहाला इथेच ओळख झाली."

"मग तुमचं काय जातंय? आमच्या पगारातून कर कापतात, त्यावर हे चालतं. यांनी बिड्या फुंकायच्या आणि आम्ही ताटकळायचं!"

"बिडीला शिवले नाहीत ते. बत्तीस वर्षं कापूस पिंजला. तू झोपतोस ती गादीसुद्धा त्यांनीच भरली असेल."

"भाषण पुरे. काका, सरका पुढे."

"काका, तुम्ही सांगा, नंबर कुणाचा?"

लक्ष्मीकांत एक पाऊल पुढे सरकले.

"वा काका! केस पिकले, पण पाय तरणे आहेत," हेल्मेटवाला हसला.

बाईने चपला उचलून स्वतःच्या पुढे ठेवल्या.

लक्ष्मीकांत अकराला तपासून घेऊन बाहेर आले. पाणीगेट भागातले गादीवाले युसूफभाई मन्सूरी त्याच दिवशी, चौदा मार्चला, सव्वाअकरा वाजता बाकावरच वारले.