पांढऱ्या कापडाचा आठवडा

डॉक्टर : मास्तर, खरं सांगा. रक्त पातळ ठेवायची गोळी कधी बंद केलीत?

शिंपी : बंद कुठे? खाडे केले. पांढरं कापड शिवायला आलं, की आठवडाभर घेत नव्हतो.

बायको : अहो! मी रोज गोळी आणि पाण्याचा पेला हातात देत होते ना?

शिंपी : पाणी पीत होतो की.

बायको : बघा डॉक्टरीणबाई! तोंड वाकडं झालं, तरी यांचं वाकड्यात बोलणं काही सुटत नाही.

डॉक्टर : पण पांढऱ्या कापडाचा काय संबंध?

शिंपी : गोळी चालू असली, की सुई टोचल्यावर रक्त थांबता थांबत नाही. काळ्या कोटावर खपून जातं. तुमच्या सिस्टरांचे गणवेश पांढरेशुभ्र. एक डाग पडला, तर माझी आयुष्यभराची इभ्रत गेली.

डॉक्टर : सुई टोचली, की रक्तातल्या प्लेटलेट धावत येतात. एकमेकींना चिकटतात आणि भोक बुजवतात. रफूच म्हणा ना.

शिंपी : मग गुणाच्याच की!

डॉक्टर : गुणाच्याच. पण तुमच्या मानेतल्या रक्तवाहिनीत आतून चरबीचा थर आहे. तो परवा फाटला. प्लेटलेटना वाटलं, इथेही जखम झाली. लागल्या कामाला. गुठळी झाली, तिचा तुकडा सुटला आणि मेंदूत जाऊन अडकला. गोळी त्यांचा हा चिकटपणा कमी करते. रक्त थांबत नव्हतं, तर मला विचारायचं. परस्पर सोडायची नाही.

शिंपी : (उजवा हात डाव्या हातानं उचलून) हा परत सुई धरेल?

डॉक्टर : वेळेत आणलं, गुठळी विरघळवता आली. बोटं थोडी हलताहेत. सुधारेल, किती, ते आज नाही सांगता येणार. पण पुन्हा गुठळी झाली तर अवघड आहे, मास्तर.

शिंपी : भीती वाटते हो. मला दुसरं काहीच येत नाही.

डॉक्टर : गोळी आजपासून पुन्हा सुरू. ही घ्या. मी संध्याकाळी येते.

बायको : आणि हे बघा, काय आणलंय. सुई टोचू नये म्हणून डाव्या हाताच्या बोटात घालायची टोपी. दुकान उघडलंत तेव्हा मी दिली होती. तशीच डबीत पडून आहे.

शिंपी : अगं, ती घातली की बोटाला कापड कळत नाही.

बायको : न कळू दे. रक्ताचा डाग थंड पाण्यानं निघतो हो. माझ्याकडे टाकला असतात, तर मी धुतला नसता का?

शिंपी : (डाव्या हातानं डोळे पुसतो.)

बायको : बरं, रडू नका. पाणी देऊ?

शिंपी : आधी गोळी दे. आणि गिळेपर्यंत इथेच बस.