बोगद्यात लागलेली झोप

२०११ साली मी गुडघ्याच्या एमआरआयसाठी थांबले होते. शेजारी एक बाई आणि तिचा धाकटा भाऊ बसले होते. कोकेन सोडलेल्यांच्या मेंदूच्या अभ्यासासाठी त्याला बोलावलं होतं.

“ताई, दीड महिना डोळ्याला डोळा नाही. असंच चाललं तर मी पुन्हा घेईन बघ.”

“अभद्र बोलू नकोस. ते बोलावतायत, ऊठ.”

तंत्रज्ञ म्हणाला, “नुसतं पडून राहायचं. स्वस्थ असताना मेंदूचे भाग एकमेकांशी कसे जोडलेले असतात, ते बघायचंय. फक्त झोपू नका.”

“मला सांगताय? झोपून दाखवा म्हणालात तरी जमायचं नाही!”

वीस मिनिटांनी तंत्रज्ञ वैतागून बाहेर आला.

“अहो, तुमचे बंधू चक्क घोरत होते! सगळं पुन्हा करावं लागणार.”

“घोरत होता? एवढ्या खडखडाटात?”

भाऊ डोळे चोळत आला. “अगं, हुबेहूब आईच्या शिवणयंत्राचा आवाज! खाली चिंध्यांत निजायचो ना मी, तसंच वाटलं.”

“मग उठवलंत कशाला हो त्याला?”

आमची ओळख पुढे टिकली. ताईने आईचं यंत्र माळ्यावरून उतरवलं आणि शिवता येत नसताना वर्षभर भावाच्या उशाशी नुसतंच चालवलं. तंत्रज्ञ निवृत्त झाला. ताई आता नाही. भावाने पुन्हा कोकेन घेतलं नाही. झोप छान लागते, असं परवाच म्हणाला.